दळलेली झोप

"टाका! ती कुबडी टाकून द्या!" महाराज म्हणाले.

निवृत्त हेडमास्तर खुर्चीतून उठले. खिशातून झोपेच्या गोळ्यांची कोरी स्ट्रिप काढली, सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली आणि समोरच्या पितळी पिंपात सोडून दिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. चाळीस वर्षं पोरांना शिस्त लावलेले हेडमास्तर पहिला नंबर आलेल्या पोरासारखे लाजले.

"अकरा वर्षं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अकरा वर्षं रोज एक गोळी घेत होतो. आज सतरा दिवस झाले, एकही नाही. फक्त महाराजांची पुडी. आणि झोप कशी? दगडासारखी!"

"दगडासारखी नाही," महाराज मधाळ हसले. "बाळासारखी म्हणा."

"बाळासारखी!" हेडमास्तरांनी लगेच चूक सुधारली. पुन्हा टाळ्या.

हा सगळा प्रकार एका बुडालेल्या फर्निचरच्या दुकानात चालला होता. दुकान बंद पडलं तेव्हा विकला न गेलेला माल आतच राहिला होता. त्यामुळे रोज संध्याकाळी जमणारी दीडशे माणसं दीडशे तऱ्हांच्या आसनांवर बसत. कुणी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर, कुणी ऑफिसच्या फिरत्या खुर्चीवर, कुणी चामडी सोफ्यावर अंग चोरून. महाराजांनी स्वतःसाठी मात्र साधं लाकडी स्टूल घेतलं होतं. अंगात करडा स्वेटर, नाकावर चष्मा, आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. आणि माणूस एकदा पुढं वाकला की निम्मं काम झालंच. ते पूर्वी काय करत, याबद्दल गावात दोन मतं होती. कुणी म्हणे, बारा वर्षं डोळे मिटून बसले होते. कुणी म्हणे, विमा विकत होते. दोन्ही धंद्यांत चिकाटी लागते.

"गोळी म्हणजे कुबडी," महाराज रोज सांगत. "कुबडी टाका, पाय आपोआप चालतील. पण रिकाम्या हातानं येऊ नका हं. त्यागाशिवाय झोप नाही. आणि त्याग पुरा हवा. वापरलेली, अर्धी स्ट्रिप आणाल तर अर्धीच झोप मिळेल. कोरी स्ट्रिप आणा. मी ती नेऊन खोल पाण्यात सोडतो. तुमची चिंता तिच्याबरोबर बुडते."

"आणि महाराज," मागून एक बाई विचारत, "सकाळी तोंड कडू होतं, त्याचं काय?"

या प्रश्नावर महाराज खुलत. "होऊ द्या! कडू होऊ द्या! ती तुमची चिंताच आहे. चिंता तोंडावाटे बाहेर पडते, तेव्हाच झोप डोळ्यांवाटे आत शिरते. एका दारानं ही बाहेर, दुसऱ्या दारानं ती आत. दोघी एका घरात नांदत नाहीत."

माणसं माना डोलावत. आपली चिंता चवीला कशी लागते हे पहिल्यांदाच कळल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या मेडिकलवाल्या बाईंनी मात्र टाळी वाजवली नव्हती. हेडमास्तरांनी पिंपात टाकलेली ती स्ट्रिप त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांनी स्वतःच्या हातानं विकली होती.

बाईंचं औषधांचं दुकान चौकातल्या वळणावर होतं. सव्वीस वर्षं नवराबायकोनं मिळून चालवलेलं. नवरा फळीवरून औषध काढून देई, बाई लिहून घेत. चार वर्षांपूर्वी नवरा गेला आणि तेव्हापासून काढून देणं आणि लिहिणं दोन्ही बाईच करत. लेक परदेशात होती. रविवारी फोन करी, "जेवलीस का?" विचारी, आणि बाई "हो" म्हणत. जेवलेल्या असोत वा नसोत. दुकान बंद करून वरच्या मजल्यावर गेल्या की दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत त्यांचा आवाज त्यांच्या स्वतःच्याही कानावर पडत नसे. कधी कधी पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलताना आवाज घसा बसल्यासारखा निघे आणि तो म्हणे, "बाई, सर्दी झाली का?"

झोप नव्हतीच. पण ते कुणाला सांगायचं? झोपेची तक्रार लोक त्यांच्याकडे घेऊन येत.

त्यांना इथं ओढून आणलं होतं शिवणमावशींनी. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहून आख्ख्या रस्त्याचे कपडे शिवणारी, पंचाहत्तरीला टेकलेली, जिभेला सुईसारखी धार असलेली ही मावशी बाईंची एकमेव मैत्रीण म्हणावी अशी होती.

"अगं, चल तर एकदा," मावशी म्हणाल्या होत्या. "घरात बसून कुणाची वाट बघतेस? भिंती काय उठून बोलणार आहेत?"

"मावशी, मी औषधं विकते. मी तिथं बसले तर लोक काय म्हणतील?"

"लोक डोळे मिटून बसलेले असतात. त्यांना काय दिसतंय!"

बाई गेल्या. पहिल्या संध्याकाळी त्या फक्त बघत होत्या. सगळ्यांनी डोळे मिटले, दीडशे माणसांचे श्वास हळूहळू एका लयीत आले. मग महाराज खुर्च्यांमधून फिरू लागले. एकेकापाशी थांबत, वाकत, काहीतरी विचारत. बाईंच्या शेजारी आले आणि अगदी हळू म्हणाले, "काल झोप लागली का तुम्हाला?"

एवढंच. दिवसाला पन्नास माणसांना "जेवणानंतर, पाण्याबरोबर" सांगणाऱ्या या बाईला चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. डोळे पुसायला पर्समधला रुमाल शोधेपर्यंत महाराज पुढं गेले होते आणि त्यांची मेहुणी कागदाची पांढरी पुडी हातात ठेवून गेली होती. "मधातून घ्या, निजताना. नुसती पिठीसाखर आहे आणि महाराजांचा शब्द."

बाईंनी ती पुडी घेतली. औषधशास्त्राची पदवी भिंतीवर टांगलेल्या माणसानं, आत काय आहे हे न विचारता, कागद उलगडून पूड तोंडात टाकली. एकटेपणा माणसाकडून काय काय करवून घेतो!

त्या नऊ तास झोपल्या. सकाळी ताज्यातवान्या उठल्या, चहा केला, पहिला घोट घेतला आणि थांबल्या. चहा गंजलेल्या नळाच्या पाण्याचा केल्यासारखा लागत होता. चूळ भरली. पाणीही तसंच. कडू, धातूची चव, जिभेच्या मागच्या बाजूला चिकटून बसलेली.

ही चव त्या ओळखत होत्या. नवरा गेल्यावर डॉक्टरांनी झोपेची एक छोटी गोळी लिहून दिली होती. "थोडे दिवस घ्या" म्हणाले होते. थोड्या दिवसांचे पाच महिने झाले. त्या पाच महिन्यांत रोज सकाळी हीच चव दुपारपर्यंत तोंडात असे. गोळ्यांच्या त्या एका जातीचा तो ठरलेला परिणाम आहे, माहितीपत्रकात बारीक अक्षरात छापलेला. शेवटी बाईंनी ब्लेडनं गोळीचा आधी पाव भाग कापून टाकला, मग अर्धा, मग पाऊण, असं करत करत तिच्यातून सुटका करून घेतली होती.

म्हणजे बाईंना त्या सकाळीच कळलं. आणखीही एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. झोपेच्या गोळ्यांची वेगळी नोंदवही दुकानात ठेवावी लागते. महाराज गावात आल्यापासून, म्हणजे दोन महिन्यांत, त्या वहीची पानं दुपटीनं भरत होती. सगळं गाव म्हणत होतं की आम्ही गोळी सोडली, आणि गोळ्यांचा खप दुप्पट झाला होता! दोन आणि दोन चार होतच होते. बाई बेरीज करायची टाळत होत्या.

कारण बेरीज केली की संध्याकाळी जायला जागा उरणार नव्हती.

त्या आणखी चार संध्याकाळी गेल्या. पुडी घेतली नाही, घरी नेऊन खणात टाकली. पण डोळे मिटून बसल्या, शेजारच्या श्वासांचा आवाज ऐकत राहिल्या, "काल झोप लागली का?" या प्रश्नाला "हो" म्हणत राहिल्या. पुढं आयुष्यभर त्यांना या चार संध्याकाळींची लाज वाटत राहिली.

पाचव्या दिवशी सकाळी मावशी जिन्यावरून पडल्या.

बाई दुकानाचं शटर अर्धवट सोडून हॉस्पिटलमध्ये धावल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. मावशी कॉटवर पडल्या होत्या, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. बाईंनी हात हातात घेतला तेव्हा त्यांनी वळून पाहिलं आणि जड जिभेनं हाक मारली, "ताई, आलीस?"

मावशींची थोरली बहीण जाऊन वीस वर्षं झाली होती.

"मावशी, मी आहे. मेडिकलवाली."

बराच वेळ मावशी बघत राहिल्या. मग ओळखलं. "अगं, एका पुडीनं झोप लागेना. महाराजांना म्हटलं. ते म्हणाले, श्रद्धा कमी पडली की पुडी वाढवा. दोन घेतल्या. सकाळी उठले तर पाय माझे नव्हतेच. दुसऱ्याच कुणाचे तरी लावल्यासारखे. पायरी खाली होती, मला वाटलं संपली."

बाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. शेजारी कुणाची तरी रिकामी पाण्याची बाटली होती, ती हातात धरून बसल्या. चार दिवस आधी तोंड उघडलं असतं, तर हे हाड मोडलं नसतं. हा हिशोब इतका सरळ होता की त्यात पळवाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रस्ता झाडणाऱ्या सफाईवालीला थांबवलं.

"ताई, त्या फर्निचरच्या दुकानाचा कचरा तुम्हीच उचलता ना?"

"मीच. का हो? चकचकीत कचरा असतो त्यांचा. आठवड्याला गोणीभर."

"कसला?"

"गोळ्यांची रिकामी पाकिटं. सगळी घरं फोडलेली. मी म्हटलं, एवढी माणसं आजारी आहेत की काय आत! त्यांच्या मागच्या खोलीत मिक्सरही फिरत असतो सारखा. चटणी नाही, काही नाही, वास तर येत नाही कसला. आणू का गोणी? कालचीच आहे गाडीवर."

बाईंनी गोणी दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन जमिनीवर ओतली. दोनशे चौदा स्ट्रिपा. नऊ कंपन्यांच्या. प्रत्येक स्ट्रिपच्या कडेला कंपनीनं ठोकलेला बॅच नंबर असतो. तोच नंबर दुकानदार बिलावर लिहितो. बाई चष्मा लावून जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि एकेक नंबर वहीशी ताडून पाहू लागल्या. दुपार झाली तेव्हा एकशे नव्वद स्ट्रिपा त्यांच्याच दुकानातल्या निघाल्या होत्या.

खोल पाण्यात बुडवायच्या गोळ्या एकेक करून फोडायला कशाला लागतात? मासे काय सोलल्याशिवाय खात नाहीत?

नोंदवही आणि त्या स्ट्रिपांची पिशवी घेऊन बाई डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर साठीचे, गावात सगळ्यात जुने, हाताला गुण असलेले आणि पाच मिनिटांत पेशंट मोकळा करण्याबद्दल प्रसिद्ध. त्यांनी सगळं ऐकलं आणि खवळले.

"हरामखोर! लोकांना गुंगीचं औषध चारतो आणि वर माझ्या गोळ्यांना कुबडी म्हणतो!"

"डॉक्टर, त्याला गोळ्या कुणी पुरवल्या?"

"म्हणजे?"

बाईंनी वही पुढं केली. "हेडमास्तरांना तुम्ही दोन महिन्यांत सात वेळा लिहून दिलंय."

"ते म्हणाले, स्ट्रिप हरवली."

"सात वेळा?"

"एकदा प्रवासाला जायचं होतं म्हणाले..." डॉक्टरांचा आवाज उतरला. "बाई, समोर म्हातारा माणूस बसतो, झोप नाही म्हणतो, बाहेर वीस माणसं ताटकळत असतात. लिहून दिलं की तो खूश होऊन जातो."

"आणि मी वाचते, देते, लिहून ठेवते. अकरा वर्षं हेडमास्तरांची गोळी मीच दिली. बंद कधी करायची, हे ना तुम्ही विचारलंत ना मी. त्या महाराजाला दळण आपणच घालत होतो, डॉक्टर. त्यानं फक्त जातं फिरवलं."

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं. मग म्हणाले, "एक धोका आहे. उद्या ओरडा केलात आणि सगळ्यांनी पुडी एकदम फेकून दिली, तर काहींना थरथर सुटेल, एखाद्याला झटकाही येईल. या गोळ्या अशा तडकाफडकी तोडता येत नाहीत."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. तुम्ही बरोबर या."

डॉक्टरांनी फोन उचलून औषध निरीक्षकांना लावला.

शनिवारी हॉल भरला होता. निरीक्षक साध्या कपड्यांत मागच्या रांगेतल्या झुलत्या खुर्चीत बसले होते. डॉक्टर दाराशी उभे होते. मावशींची खुर्ची रिकामी होती आणि महाराजांनी सुरुवातच तिच्यापासून केली.

"आपली एक बहीण पडली," ते डोळे मिटून म्हणाले. "का पडली? मनात शंका होती. शंका आली की पायाखालची पायरी सरकते."

"पायरी जागेवरच आहे," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "मी बघून आले."

दीडशे डोकी वळली. एवढ्या माणसांसमोर बाई उभ्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या. पण आवाज निघाला, आणि निघाला तो दुकानातलाच निघाला, सरळ आणि कोरडा.

"महाराज, पुडीत काय आहे?"

"पिठीसाखर. आणि माझा शब्द."

"दुसरं काही नाही?"

"मुली, दुसरं काही लागतच नाही."

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंना मुलगी म्हटल्यावर मागून कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांच्या शेजारच्या तिपाईवर त्यांचा चहा होता. मघाच त्यांनी सगळ्यांसमोर त्यात तीन चमचे साखर घालून घेतली होती. बाई पुढं गेल्या. पर्समधून खणात साठवलेल्या पुड्या काढल्या, एकेक उलगडली आणि चारही पुड्या कपात रिकाम्या केल्या. चमच्यानं ढवळलं.

"घ्या. साखरच आहे ना? गोड होईल."

महाराजांनी कपाकडे पाहिलं. "मी... साखर सोडली आहे."

"कधी?" हेडमास्तरांनी अभावितपणे विचारलं. चाळीस वर्षांची सवय. खोटं बोलणाऱ्या पोराला हा प्रश्न तोंडातून आपोआप निघायचा.

महाराजांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी कप घ्यायला हात पुढं केलाच असता, तर बाई तो जमिनीवर ओतणार होत्या. तेवढी पूड माणसाला सोसणारी नव्हती. पण हात पुढं आला नाही. महाराजांचा आवाज आता हळू नव्हता. "ही बाई कोण? औषधं विकते! तुम्ही गोळ्या सोडल्या म्हणून हिच्या पोटात दुखतंय!"

"उलट आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी गोळ्या सोडल्यापासून माझा खप दुप्पट झालाय." आणि त्यांनी पिशवीतल्या स्ट्रिपा समोरच्या जेवणाच्या टेबलावर ओतल्या. "या पाण्यात बुडवलेल्या गोळ्या. मागच्या कचऱ्यात मिळाल्या. प्रत्येक घर फोडलेलं आहे. तुमच्या खिशात, पर्समध्ये माझ्या दुकानाचं बिल असेल तर काढा आणि नंबर जुळवून बघा. गोळ्या तुमच्याच. इथं त्यागायच्या, मागच्या खोलीत मिक्सरला लावायच्या, साखरेत कालवायच्या आणि तुमच्याच हातात परत द्यायच्या. तोंड कडू होतं ती चिंता नाही. ती गोळीची चव आहे. मी पाच महिने चाखली आहे."

खुर्च्या करकरल्या. चष्मे निघाले. माणसं टेबलाभोवती जमली. हेडमास्तरांनी पाकिटातून घडी घातलेलं बिल काढलं, एक स्ट्रिप उचलली, डोळ्यांजवळ नेली. नंबर ताडून पाहिला. मग ती हळूच खाली ठेवली आणि परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

निरीक्षक उठून मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं मिक्सरचं भांडं घेऊन बाहेर आले. त्यात तळाला पांढरी पूड होती.

डॉक्टरांनी पुढं येऊन सांगितलं, "कुणीही घाबरू नका आणि कुणीही आज एकदम सगळं बंद करू नका. उद्यापासून माझ्याकडे या. एकेकानं. चूक माझीही आहे."

आरडाओरडा होईल असं बाईंना वाटलं होतं. झाला नाही. माणसं उठली आणि एकेकटी बाहेर पडली. रोज जाताना जी जोडीनं, गप्पा मारत जायची, ती आज एकमेकांकडे न बघता गेली. एक म्हातारी बाईंपाशी थांबली. तिच्या डोळ्यांत राग होता.

"बाई, तो लबाड होता, कबूल. पण आमची झोप कशाला मोडलीत?"

बाईंनी तिला दाराबाहेरच्या पायरीपर्यंत हात दिला.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. पुड्यांमध्ये चार जातींच्या झोपेच्या गोळ्या सापडल्या. एका पुडीत जवळजवळ नुसती साखर, तर दुसरीत तीन गोळ्यांचा ऐवज. ज्याच्या नशिबी जी पुडी येईल, ती. मावशींच्या वाट्याला दोन भारी पुड्या एकदम आल्या होत्या. महाराजांवर खटला उभा राहिला. ते विमाच विकत होते, हेही निघालं.

पण गावाचा राग बाईंवरच निघाला. पंधरा दिवस दुकानाची पायरी ओस पडली. लोक दोन चौक चालून दुसऱ्या मेडिकलमध्ये जात. माणूस फसला की फसवणाऱ्याचा राग नंतर येतो. आधी राग येतो तो, 'तू फसलास' असं सांगणाऱ्याचा.

डॉक्टरांनी मात्र शब्द पाळला. एकेकाला समोर बसवून ते तक्ता आखून देऊ लागले. या आठवड्यात इतकी गोळी, पुढच्या आठवड्यात पाव भाग कमी. कुणाला दुपारची झोप बंद, कुणाला संध्याकाळचा चहा. "लिहून द्यायला पाच मिनिटं लागायची," ते बाईंना म्हणाले, "विचारायला अर्धा तास लागतो. आणि बाई, निम्म्या लोकांना झोपेचा आजार नाहीच. घरी बोलायला कुणी नाही, एवढंच आहे. त्यावर मी काय लिहू?"

मावशींना त्यांचा मुलगा आपल्या शहरात घेऊन गेला. जायच्या दिवशी बाई निरोप द्यायला गेल्या. मावशी गाडीच्या मागच्या सीटवर उशीला टेकून बसल्या होत्या, शिलाईचं मशीन विकून टाकलं होतं.

"तुला आधीच कळलं होतं ना?" मावशींनी अचानक विचारलं.

बाईंनी मान खाली घातली. "चार दिवस आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"तिथं तुमच्या शेजारी बसायला बरं वाटत होतं."

मावशींनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि बाईंच्या गालाला लावला. माफ केलं की नाही, हे बाईंना कधीच कळलं नाही. गाडी गेली. समोरच्या इमारतीतला तिसरा मजला तेव्हापासून अंधारात आहे.

त्याच आठवड्यात बाईंनी एक पुठ्ठा घेतला, जाड पेननं चार ओळी लिहिल्या आणि काउंटरवर टांगला.

त्यानंतर दोन दिवसांनी हेडमास्तर दुकानात आले. महिन्याभरानं. पुठ्ठ्यासमोर उभे राहून त्यांनी तो दोनदा वाचला.

"'किती'मधली दुसरी वेलांटी दीर्घ हवी, तुम्ही ऱ्हस्व काढलीय," ते म्हणाले.

"बरं, सर. दुरुस्त करते."

"बाई, एक विचारू? पहिल्या आठवड्यात मी पुडी घेतच नव्हतो. नुसता तिथं बसून यायचो. तरी मला घरी डुलकी लागायची. ते काय होतं?"

"ते तुमचं तुम्हीच आणलेलं होतं, सर. तिथं दीडशे माणसं शेजारी बसलेली असायची."

"मग आता?"

"आता मला माहीत नाही. मलाही झोप येत नाही."

हेडमास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. हे उत्तर त्यांना आवडलं नाही, पण त्यात खोट सापडली नाही. त्यांनी खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. मग ती पुढं सरकवण्याआधी बोटानं दाबून धरली आणि पुठ्ठ्यावरचं मोठ्यानं वाचत, वर्गात विचारावं तसं विचारलं, "कुणीही काही गिळायला दिलं, मग तो महाराज असो, डॉक्टर असो की मी, आधी विचारा. यात काय आहे? किती आहे? बंद कधी करायचं? ...सांगा."

"यात तुमची जुनीच गोळी आहे," बाई म्हणाल्या. "तिचा पाऊण भाग घ्यायचा, मी कापून देते. दोन आठवड्यांनी अर्धा. तीन महिन्यांनी बंद. मधल्या काही रात्री वाईट जातील, सर. जाणार नाहीत असं कुणी सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

हेडमास्तरांनी चिठ्ठीवरचं बोट उचललं.